चौकशी

आई म्हणाली, पाच वर्षं काढायचीत ना त्या माणसाकडे,
मग स्थळाची करतात तशी चौकशी कर.
घरचे गोडच बोलणार.
भांडी घासणाऱ्या बाईला विचार.

माटुंग्याला गेले. ऑफिसात म्हणाले, नाव आहे सरांचं.
दुसऱ्या मजल्यावरच्या प्राध्यापक बाई म्हणाल्या, नाव आहे.
झेरॉक्सवालासुद्धा, पानं जुळवत: मोठं नाव.
शोधनिबंधांवर पहिलं नाव कुणाचं असतं
ते कुणी बोललं नाही. ते मी घरी मोजलं.

ग्रंथालयात अकरा प्रबंध, लाल रेक्झिनचे.
नोंदणीचं साल वजा करत बसले:
सहा वर्षं, सात, सात, साडेआठ.
ऋणनिर्देश सगळ्यांचा एकच,
जणू एकाने दुसऱ्याला उसना दिलेला.
फक्त एकाने रात्रपाळीच्या वॉचमनचे आभार मानलेत,
नावासकट.

पॅसेजमध्ये ग्रुपचा फोटो, २०१६. सर सोडून सहाजण.
त्यातल्या पाचांचे प्रबंध सापडले.
डावीकडून दुसरी, केसांत पेन खोचलेली,
तिचा नाही.

घाडीमामा काचसामान धुतात. एकतीस वर्षं.
"रोझिताबाई," ते म्हणाले. "कधी ब्युरेट फोडली नाही त्यांनी."
कुठे गेल्या?
मामांनी नळ मोठा केला.

प्रद्युम्न, साडेआठवाला, आता रंगांच्या कंपनीत,
उडप्याकडे भेटला.
कॉफी वाटीतून पेल्यात, पेल्यातून वाटीत,
पार निवेपर्यंत.
"सर ग्रेट आहेत. बाबांच्या बायपासला
रात्रभर केईएमच्या बाकावर बसले होते माझ्याबरोबर."
मग पेला खाली ठेवून,
"पहाटे पाचला विचारलं,
कॉलम कुणावर सोपवून आलास?"
तो हसला. मीही हसले.
कशाला, ते दोघांनी विचारलं नाही.

मुलाखतीत सर छान बोलले. खरंच छान.
माझ्या एमएस्सीच्या प्रकल्पातली चूक
दोन मिनिटांत दाखवली,
दोन वर्षांत कुणाला दिसली नव्हती ती.
तिथेच हो म्हणणार होते.
"तुझे काही प्रश्न?"
वहीत चौदा होते. विचारला एकच:
फोटोतली डावीकडून दुसरी कोण?
ते उठले, बाहेर आले, फोटोसमोर थांबले.
"वाकडा झालाय," म्हणाले
आणि अंगठ्याने चौकट सरळ केली.

होकार शुक्रवारपर्यंत कळवायचाय.
जिन्याखाली घाडीमामांनी हातात एक लेबल कोंबलं,
बाटल्यांवर चिकटवतात तसलं.
वसईचा नंबर. आकडे मोठे मोठे, पहिलीतल्या पोरासारखे.

गुरुवारी लावला.
मागे शाळा सुटल्याचा गलका.
मी नाव सांगितलं, कुठून बोलतेय ते सांगितलं.
ती बराच वेळ गप्प.
मग म्हणाली, "सांगते सगळं. पण आधी सांग,
घाडीमामांच्या हातांचं इसब
बरं झालं का गं?"