उलटा ठसा

विलायतेच्या अंकातला झुलू सेनापती.
काढणाऱ्याने त्याला पाहिला नसावा;
डोळे वटारलेले, खाली एकच शब्द: रानटी.

शनिवारात धोंडो ओतारी
शिसवी ठोकळ्यावर तोच कोरतोय
साप्ताहिकासाठी, दीड रुपयात.
ठसा उलटा कोरायचा, हे घाईत विसरला.
सेनापती डावखुरा झाला.

ढाल बैलाची की गेंड्याची?
धोंडोला ठाऊक एकच गेंडा,
तो गेंडामाळ, जिथे सत्तावन्न साली
चुलता उभा होता दोराखाली
आणि माहुलीकडे बघत होता,
कुणी निरोप घेऊन यायचं असल्यासारखा.

डोळ्यांपाशी पटाशी थांबली.
तेवढे डोळे त्याने बदलले.

खिळे जुळवणारा सखोबा
साहेबी मजकूर वाचून म्हणाला,
"रानटीला 'रा'चा खिळाच सापडेना."

अंक निघाला. चित्राखाली कोरी जागा.
वर मथळ्यात ठळक, शाईने ओथंबलेलं:
सातारा.