बनावट

अण्णांची पटाशी आता बोटाएवढी उरली.
दोन पिढ्यांनी घासली ती.
मी भोसरीत पॅटर्नशॉपला लागलो त्या साली
शेफिल्डचा शिक्का अर्धा तरी वाचता यायचा,
आता एकच अक्षर आहे,
तेही अंगठ्याला कळतं, डोळ्याला नाही.

शनिवारी बोहरी आळीत गेलो.
मुर्तुझाभाईंनी रद्दीचा कागद पसरून
काउंटरवर तीन मांडल्या,
जावयापुढे आंबे मांडावेत तशा.
ही जालंधर. ही चीन.
आणि ही, आवाज जरा खाली आणून, जर्मनी.
मी म्हटलं, खरंच?
ते म्हणाले, खोकं जर्मनीचं आहे, मिस्त्री.
बनावट विचारू नका.

मोठा लबाड शब्द आहे हा.
कुठली बनावट, असं विचारलं तर गाव सांगतात.
बनावट आहे, म्हटलं की भांडण.

चहा आला. मग ते मोकळे झाले:
एकाच भट्टीतून दोन ढीग निघतात,
एक बोटीवर चढतो, एक आमच्याकडे येतो.
लोखंड तेच, कारागीर तोच,
आत किती मिनिटं ठेवायचं ते घेणारा ठरवतो.
तुम्ही लोक इथे घासाघीस करता ना,
तिकडे चार मिनिटं कमी होतात.

मी जर्मनी घेतली.
दहा रुपये कमी करून.

सोमवारी सागवानाच्या पहिल्याच गाठीला
तिची धार वळली,
भाजताना पापडाची कड वळते तशी.
पाणीच नव्हतं तिच्यात.

संगम पुलाच्या अलीकडे घिसाड्यांची दोन पालं होती.
भाता कसला, सायकलच्या चाकावर चालणारा पंखा,
तो नातू फिरवत होता, शाळेच्या चड्डीत.
नवरा सांडशी धरून बसलेला, चकार शब्द नाही.
घण बाईच्या हातात.
सुंदराबाई साळुंके, नाव पोराने सांगितलं.
तिने माझी जर्मनी दगडावर टाकली,
आवाज ऐकला,
म्हणाली, हिनं थालपीठ उलथा.

मग ट्रकच्या मोडक्या कमानपाट्याचा तुकडा काढला.
लाल केला, ठोकला, परत लाल.
पाण्याचं पिंप शेजारीच होतं.
मी आपली अक्कल दाखवली: पाणी कधी देणार?
पाणी सोसत न्हाई याला, म्हणाली, तडकतो.
डब्यात गॅरेजचं जळकं ऑइल होतं, त्यात बुडवली.
धूर वर पीएमटीच्या खिडक्यांपर्यंत गेला,
कोणीतरी आतून शिवी हासडली.
पोराने विटेवर घासून पातं पांढरं केलं,
तिने ते निखाऱ्यावर धरलं आणि रंग बघत राहिली.
वाळल्या गवताचा आला तशी ओरडली, उचल!
मिनिटं मी मोजली नाहीत.
तिनेही नाही.

घरी येऊन धार लावली.
मनगटावरचे केस निघाले.

पण ते नंतर. पैसे देताना मी म्हटलं होतं,
शिक्का मारा एखादा, गावाचं नाव.
ती हसली नाही.
परवा यवतला होतो, म्हणाली,
उद्या पोलिसानं उठवलं तर शिरूर,
न्हाईतर कुठंबी.
पाटा कंच्या ट्रकाचा, कुणाला ठावं.
गाव कंचं मारू?

सध्या तिन्ही एकाच कप्प्यात आहेत.
जर्मनीने मी रंगाचे डबे उघडतो,
तेवढं ती झकास करते.
सुंदराबाईच्या पटाशीला बाभळीची मूठ बसवली,
जरा जाड झाली, पण हाताला सवय होईल.
शिकाऊ पोरगा विचारत होता, मिस्त्री, ही कुठली?
मी नुसता नदीकडे हात केला.

गेल्या आठवड्यात तिकडून गेलो,
तर तीन दगड, राख,
आणि मातीत तेलाचा काळा डाग,
बशीएवढा.