अर्धा तास

अटारीचं फाटक पायी ओलांडलं
तेव्हा मनगटावरचं घड्याळ अर्धा तास मागे होतं.
सामान तपासणाऱ्या बाईनं डब्यातली एक करंजी फोडली,
आत खोबरं निघालं, आणि मावशीच्या हातची वेलची.
जा, म्हणाली.
इतकंच. मला वाटलं होतं, काहीतरी मोठं होईल.

मग गाडीत एक रात्र, एक दिवस, आणखी थोडी रात्र.
जन्मभर ज्या मराठी मुलखाचं नाव घरात ऐकलं
तिथला पहिला माणूस, नागपूर स्टेशनवरचा चहावाला,
माझ्याशी हिंदीत बोलला.

मानेवाड्याला, बोकड्यांच्या माडीवर, दोन खोल्या.
दिगंबर तिकडे मासळीबंदरावर बर्फाची यंत्रं दुरुस्त करायचा,
इथे मार्चपासून लोकांच्या कूलरच्या ताट्या बदलतो.
संध्याकाळी ओल्या खसाचा वास अंगावर घेऊन येतो
आणि म्हणतो, घे, समुद्र आणलाय.
सत्तेचाळीस डिग्रीत
हसूसुद्धा ओठांवरच सुकतं.

भाजीवालीला म्हटलं, कोथिंबीर द्या.
ती म्हणाली, सांबार म्हना न बाई.
टमाट्याला भेदरं.
बटाट्याला आलू. तेवढं ऐकून बरं वाटलं,
कराचीच्या बाजारातही तो आलूच होता.

ठवकरकाकू म्हणतात,
बाप्पा, किती जुनी मराठी बोलता हो तुम्ही, कुठच्या?
मी रत्नागिरीकडची सांगते.
खोटं नाही ते. पणजोबा तिथूनच गलबतात चढले होते.
मधली शंभर वर्षं फक्त
मी जिन्यावर उभ्या उभ्या सांगत नाही.

विदेशी नोंदणीच्या खिडकीवर मात्र सगळं सांगावं लागतं.
जन्मस्थळ : कराची.
मातृभाषा : मराठी.
हवालदार नंदेश्वरांनी चष्मा वर केला.
चुकून लिहिलं काय मॅडम?
नाही.
घरी हेच बोलता? तिथं?
हो.
म्हना बरं काही.
इतक्या लोकांत काय म्हणणार? ऐन वेळी मला आरती सुचेना,
नाव-गाव सुचेना,
रतन तलावाच्या शाळेतून घरी आल्यावर
बाबा घोकून घ्यायचे तेच आलं तोंडात :
बे एके बे, बे दुणे चार.
बे दाहे वीसपर्यंत गेले मी.
मागची रांग गप्प झाली होती.
त्यांनी शिक्का मारला, आणि शाई वाळेपर्यंत
कागदावर फुंकर घालत राहिले.

त्याच आठवड्यात सारंग शाळेतून आला, दप्तर फेकलं,
जिन्यातल्या पोराला म्हणाला, काय करून राहिला बे!
मला तो बे पाढ्यातलाच माहीत होता.

काकूंच्या पुतणीचं लग्न होतं वर्ध्याला.
दीड तासाचा रस्ता. मी अर्ज केला, तीन प्रतींत.
परवानगी आली तेव्हा नवरी
पहिल्या माहेरपणाला आली होती.
तिलाच वर बोलावलं, ओटी भरली,
परवानगीचा कागद डब्यात ठेवून दिला. कशाला फाडायचा?

स्वयंपाकघरातलं घड्याळ तिकडचंच आहे.
आम्ही ते पुढे केलं नाही. मनात तीस मिळवायचे,
दूध, डबा, शाळेची व्हॅन, सगळं बेरीज करून.
परवा ते बंद पडलं.
बुधवार बाजारातून सेल आणला, स्टुलावर चढले,
आणि काटा धरून उभी राहिले.
खालून सारंग : सात वीस झाले न आई, लाव न लवकर.

लावले. सात वीस.
व्हॅन आली, गेली.
हात पुसताना आपोआप वजा झाले तीस :
सहा पन्नास.
मावशीच्या गल्लीत
आता पाणी आलं असेल.