रकाना नऊ

नाकुरूच्या कत्तलखान्यामागे जेरोतिच हाडं भाजते.
काळी होईपर्यंत, राख होण्याच्या जरा अलीकडे.
तेवढंच तिचं तंत्रज्ञान.
फ्लोराइड त्या कोळशाला चिकटून बसतं,
खाली बादलीत उतरतं ते
नुसतं पाणी.

अनुदानाचा अर्ज एकोणीस पानी.
नवकल्पना काय? बाजारपेठ किती?
पाच वर्षांनंतरची उलाढाल?
भट्टी निवायला लागली की ती एकेक रकाना भरते.
अंगठ्याची काजळी कागदावर उठते,
खोडत नाही.

रकाना नऊ: संस्थापकाचे छायाचित्र,
शक्यतो हसतमुख.

इथल्या बोअरच्या पाण्यावर वाढलेलं कुणी
दात दाखवून हसत नाही.
लग्नाच्या फोटोतही ओठ मिटलेले,
आईचे, मावशीचे, तिचे स्वतःचे.
आत जुन्या चहाच्या कपासारखे
तपकिरी डाग.

पोरगी जन्मली पहिल्या फिल्टरच्या वर्षी.
दुधाचे दोन परवाच पडले,
खिंडीतून नवा एक डोकावतोय,
करवती कडेचा,
पांढरा.

जेरोतिच तिला भट्टीपाशी उभी करते.
"हस गं."
हसायला तिला सांगावं लागत नाही, थांबवावं लागतं.

नियमात बसत नाही, ठाऊक आहे.
ती फोटो डकवते, बोटाने कडा दाबते,
आणि दहाव्या रकान्याकडे वळते:
अपेक्षित रक्कम, आकड्यांत व अक्षरी.