उत्तरेची भिंत

हे घर एकोणीसशे चारचं.
मालक ऑर्कनी बेटांवरून आलेला, लोकरीचा व्यापारी.
येताना ट्रंकेत त्यानं सूर्यसुद्धा तिकडचाच आणला,
दक्षिणेकडून डोकावणारा.
म्हणून डनीडनच्या या चढावर
बैठकीच्या उंच खिडक्या दक्षिणेला,
बर्फावरून येणाऱ्या वाऱ्याच्या तोंडाशी,
आणि ऊन इथं ज्या बाजूनं येतं
त्या उत्तरेला धुण्याची मोरी, कोळशाची खोली,
आणि स्वयंपाकघराची एक आंधळी भिंत.

एकशे वीस वर्षं आम्ही सगळे
एका माणसाच्या गावच्या आठवणीत
काकडत राहिलो.
आम्ही म्हणजे आधीचे तीन संसार,
मग मी आणि मर्डो,
मग मी.

तामातीनं भिंतीवर बोटांनी टकटक केलं. म्हणाला,
एल्स्पेथ, ही छताचा भार घेतच नाही.
नुसती सवयीनं उभी आहे.
मी म्हटलं, माझ्यासारखी.
तो हसला नाही. त्यानं टेप लावली.

सोमवारी पहिला घाव.
आधी फुलाफुलांचा कागद (तो आमचा),
खाली हिरवा, त्याखाली चहाच्या डागासारखा तपकिरी,
मग गोणपाट, मग रिमूच्या फळ्या,
मधासारख्या लाल, अजून वास असलेल्या.
एका फळीवर सुताराच्या चपट्या पेन्सिलीनं
आखलेला चौकोन, आणि त्यात
*खिडकी?*
खाली शाईनं, वेगळ्या हातानं,
*नको.*

म्हणजे कुणाला तरी कळलं होतं.
कुणी तरी जेवणाच्या सुट्टीत इथं पाठ टेकून बसला असेल,
लाकूड तापलेलं त्याला जाणवलं असेल.
आणि नको कोण म्हणालं?
काच महाग म्हणून मालक?
की त्याची बायको, जिला ही टेकडी, हे अनोळखी पक्षी
बघायचेच नव्हते;
जी दिवसभर दक्षिणेच्या खिडकीत
बोट आली होती त्या पाण्याकडं तोंड करून बसायची?
शाईचं अक्षर तिरकं आहे, घाईचं.
त्यावरून काही सांगता येत नाही.

तामातीनं तेवढा तुकडा करवतीनं अलगद सोडवला.
कुठं ठेवू?
मी म्हटलं, ठरलं नाही अजून.

तीन आठवडे निळी ताडपत्री श्वास घेत होती.
मी न्हाणीघरात सूप गरम करत होते.

मग दारं बसली, सरकती, काचेची,
आणि ऊन पाय न पुसता आत आलं.
आल्या आल्या त्यानं छतावरची काजळी दाखवली,
शेगडीमागचं तेल, माझ्या मनगटावरचे डाग.
एक ब्लॅकबर्ड उंबऱ्यापर्यंत चालत आला,
फरशी बघितली, आणि नापसंत करून गेला.

कुंपणापलीकडच्या क्वॉकचा
इतकी वर्षं मला फक्त खोकला माहीत होता.
आता भांडी घासताना मी त्याला दिसते,
वाफ्यात वाकलेला तो मला.
दोन दिवस आम्ही दोघांनी मान वर केली नाही.
तिसऱ्या दिवशी त्यानं
मातीसकट कांद्याची पात वर धरून दाखवली.
मी फेसाळलेला हात.

दक्षिणेच्या खिडक्या मी राहू दिल्यात.
संध्याकाळी कधी कधी तिथं बसते,
अंगावर शाल घेऊन, थोडा वेळ,
त्या बाईसाठी. ती होती की नाही कोण जाणे.

आज जूनचा शेवट.
कंबरेत वाकलेलं ऊन
पार ओट्याच्या टोकाला पोचलं.
चाळीस हिवाळे मी लोणी खरवडून,
पाव फाडत फाडत लावलं.
आज सुरी नुसती टेकवली, तर आत गेली.
भांडं सावलीत सरकवायला हवं.
उद्या सरकवेन.