हैमानंतर

आदम सोडलं तेव्हा ऊन कोवळं होतं.
नंतर रस्ता सरळ झाला,
इतका सरळ, की स्टिअरिंगला गुडघा टेकवून
तू संत्रं सोललंस,
आणि मी रागावले नाही.

ऑक्टोबर आहे म्हणे.
इथे पान गळायला झाडच नाही.
विजेचे खांब, उंटांची पाटी,
आणि पाटीवरच्या उंटापेक्षा कंटाळलेला
एक खरा उंट.

हैमाला टायर बसलं.
गुलझमानने ठिगळ मारलं, काचेच्या पेल्यातून सुलेमानी दिली,
सुटे पैसे मोजताना विचारलं, "बच्चे?"
तू म्हणालास, "दोघंच."

तो शब्द मग दोनशे किलोमीटर
मागच्या सीटवर बसून होता,
पट्टा न लावता.

थुमरैतच्या अलीकडे
तुझ्या बाजूच्या आरशात चंद्र आला, धुळीने तांबूस.
आज कोजागिरी, मला आत्ता आठवलं.
दूध कुठलं! थर्मासच्या तळाशी सकाळचा करक.
टोपणात ओतला. अर्धा तुला, अर्धा माझ्या ओढणीवर.

"जागी आहेस ना गं?"
नजर रस्त्यावरच ठेवून तू विचारलंस.
एकोणीस वर्षांत इतकं थेट
काहीच विचारलं नव्हतंस.

मी हो म्हटलं.

घाट उतरताना दिव्यांच्या झोतात गवत दिसलं,
पाऊस सरून पिवळं पडलेलं,
गुडघाभर, हलतं.
तू गाडी कडेला घेतलीस, दारं उघडलीस.
डॅशबोर्डवरची सालं, वाळून कुरकुरीत झालेली,
वाऱ्याने एकेक करून बाहेर नेली.
वेचायला मी वाकले नाही.