थोडीशी सहमत

धुळ्याला, बँकेच्या ट्रेनिंग हॉलमध्ये
पंखा किरकिरत होता आणि नाशिकहून आलेली मुलगी
साठ प्रश्नांचा कागद वाटत होती.
"यात बरोबर-चूक काही नसतं," ती म्हणाली.
सव्वीस वर्षं कॅशला बसलेल्या बाईला
हे पटायला जरा वेळ लागला.

पूर्ण सहमत, थोडीशी सहमत, सांगता येत नाही,
थोडीशी असहमत, पूर्ण असहमत.
शेजारचे देवरे सर भराभर खुणा करत होते
आणि मध्येच माझ्या कागदात डोकावत होते,
जसा काही माझा स्वभाव बघून
त्यांना त्यांचा लिहिता आला असता.

प्रश्न सातवा : गर्दीत तुम्हाला उत्साह वाटतो?
कोणत्या गर्दीत, ते लिहिलं नव्हतं.
पेन्शनच्या तारखेला काउंटरपुढे होते ती?
की पौषात आमच्या मळ्यात भरताला जमते ती?
पऱ्हाटीच्या जाळावर वांगी फुटतात,
बडगीत मुसळं पडतात,
आणि मी अहिराणीत इतकी बोलते
की भाऊ म्हणतो, "आक्का, जराखा दम ले वं."
मराठीत मला असं कुणी कधी म्हटलेलं नाही.
मराठीत मी म्हणते टोकन नंबर,
म्हणते इथे सही करा, मागच्या बाजूला पण.
कागद मराठीत होता.
मी 'थोडीशी असहमत'वर खूण केली.

प्रश्न चोविसावा : निर्णय डोक्याने घेता की मनाने?
बोटांनी.
खोटी नोट अंगठ्याला आधी कळते, डोक्याला मागाहून.
मशीनलाही कळतं म्हणतात. पण बाजारच्या दिवशी
हळद लागलेली, चंचीत घामाने मऊ पडलेली नोट
ते खर्रकन परत फेकतं,
आणि समोरची म्हातारी अशी उभी राहते
की तीच परत आली.
ती नोट मी हाताने मोजून घेते.
'बोटांनी' असा पर्याय नव्हता.

प्रश्न एकेचाळिसावा : तुम्ही नाराजी बोलून दाखवता?
इथे मी पेनाला टोपण लावलं.
काढलं. पुन्हा लावलं.
शेवटी, 'थोडीशी सहमत'.
कॅशमध्ये एवढं खोटं लिहिलं असतं
तर रात्री नऊपर्यंत हिशोब जुळला नसता.

मला बघायला आले तेव्हा चार प्रश्न विचारले होते.
नाव. शिक्षण. स्वयंपाक.
चौथा माझ्या वडिलांना होता.
त्यानंतर कुणीतरी सलग साठ प्रश्न विचारतंय
आणि उत्तर लिहून होईपर्यंत थांबतंय,
हे पहिल्यांदाच.
खरं सांगते, तो कागद मला आवडला.

चहानंतर निकाल.
देवरे सर 'नेतृत्व करणारे' निघाले.
त्यांनी फोटो काढून बायकोला पाठवला,
तिचं उत्तर आलं ते मात्र कुणाला दाखवलं नाही.
मी निघाले 'सांभाळणारी'.
शांत, विश्वासू, नियमाला धरून चालणारी.
तिजोरीच्या जाहिरातीत असतं तसंच.
हसू आलं. मग खालून तिसरी ओळ :
दुःख पुढच्या तारखेवर टाकण्याकडे कल.

हे यांना कुणी सांगितलं?
मी वळून मागच्या रांगेकडे बघितलं.
मग लक्षात आलं, मीच.
साठ तुकड्यांत, सुट्ट्या पैशांसारखं,
स्वतःच्या हाताने.

पारोळ्याच्या बसमध्ये खिडकी मिळाली.
फागण्याच्या पुढे रस्त्याकडेच्या बाभळींना
ट्रकमधून उडालेला कापूस अडकला होता.
लांबून कुणाला वाटावं, बाभळीलाच बोंडं आली.
भावाला फोन करून निकाल सांगितला.
तो हसत सुटला,
"तुले हाई समजाले धुयाले जानं पडनं?"

तिसऱ्या ओळीचं मी बोलले नाही.
सांगू पौषात, भरताच्या वेळी.
धूर असतो तेव्हा.